बीचवर चटई टाकली तर शॅकवाला म्हणतो उठा, नुसत्या वाळूवर बसायचेही पैसे असतात का?

पाथर्डीफाटा:
नमस्कार मंडळी. इथे कायद्यातले आणि कोकण-गोव्याकडचे बरेच लोक आहेत म्हणून विचारतोय. नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे गोव्याला गेलो होतो, आई-बाबा, दादा-वहिनी, पोरं, दोन गाड्या. बीचचं आणि शॅकचं (किनाऱ्यावर हंगामापुरतं उभारलेलं खाण्यापिण्याचं हॉटेल) नाव लिहीत नाही कारण कोणाची बदनामी करायची नाहीये, मला फक्त नियम काय आहे ते कळायला हवंय. तर बीचवर उतरलो आणि समोर सगळे ते झोपायचे डेक बेड, छत्र्यांसकट, एकामागे एक तीन रांगा, आणि पुढची रांग इतकी पुढे की लाट आली की बेडचे पाय भिजत होते. एका शॅकचे बेड संपले की लगेच दुसऱ्याचे सुरू, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट. आईला गुडघ्यामुळे वाळूत लांब चालवत नाही म्हणून त्या फटीतून पुढे जाऊन पाण्याजवळ थोडी मोकळी वाळू होती तिथे चटई टाकली. पाच मिनिटं झाली नसतील, एक पोरगा आला, म्हणाला ये हमारा एरिया है, बेड लो नहीं तो आगे जाओ. बेडचे किती तर दोन बेड आणि एक छत्री हजार रुपये, नाहीतर तेवढ्याचं खायचं-प्यायचं. बाबा म्हणाले अरे आम्ही तुझ्या बेडवर बसलो नाही, तुझ्या छत्रीच्या सावलीत पण नाही, तर म्हणे आप सामने बैठोगे तो हमारे कस्टमर को समंदर नहीं दिखता.

वाद वाढायला नको म्हणून उठलो, आईला दोन्हीकडून धरून बरंच लांब न्यावं लागलं. बाबांची सगळी नोकरी एसटीत गेली, तिकीट म्हणजे तिकीट आणि नियम म्हणजे नियम असा माणूस, ते तेव्हापासून एकच विचारतायत की ती वाळू त्या पोराला दिली कोणी? मला पण तेच विचारायचंय. शॅकला लायसन असतं हे माहितीये, पण लायसनमध्ये शॅकसमोरची पाण्यापर्यंतची सगळी जागा येते का? आणि असं कोणी उठवलं तर तिथल्या तिथे काय बोलायचं, तक्रार कुठे करायची? मे महिन्यात परत समुद्रावर जायचा विचार आहे, बहुतेक आपल्याकडचाच, त्र्यंबक-जव्हारमार्गे बोर्डी नाहीतर सरळ तारकर्ली. तिकडेही हेच असेल तर आईला नेण्यात अर्थ नाही.

कॉलेजरोडकर:
दादा, तुमच्या आईंना त्रास झाला ते वाईटच, पण दुसरी बाजू पण बघायला हवी असं मला मनापासून वाटतं. शॅकवाला सरकारला फी भरतो, डिपॉझिट भरतो, त्याचा धंदा पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि जून यायच्या आत सगळं उतरवून ठेवावं लागतं, म्हणजे वर्षाची कमाई सात-आठ महिन्यांत. समोरची वाळू सकाळी तोच झाडून घेतो, बाटल्या उचलतो. आम्ही नेहमी बेडच घेतो, जेवण तिथेच मागवलं की बऱ्याच ठिकाणी बेडचे वेगळे पैसे लावत पण नाहीत, आणि वयस्कर माणसाला चटईपेक्षा बेड बरा नाही का? दोन गाड्या घेऊन नाशिकहून गोव्याला जातो तेव्हा पेट्रोल आणि टोललाच किती जातात, त्यात हजार रुपयांसाठी दिवस खराब करून घेऊ नये असं माझं मत.

पाथर्डीफाटा:
हजार रुपयांचा प्रश्न नाहीये हो. त्याने विचारलं असतं की काकू बेडवर बसा, आरामात बसा, इतके पैसे होतील, तर कदाचित घेतला पण असता. त्याने विचारलं नाही, उठवलं. आणि आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, लातूरकडचं वाटलं बोलण्यावरून, त्यांना हजार रुपये खरंच जास्त होते, तो माणूस लेकरांना घेऊन गुपचूप उठून गेला. त्यांनी समुद्र बघायचाच नाही का मग?

शरणपूररोड:
जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, जमीन-महसुलाची कामं जास्त असतात, त्यामुळे यातलं जेवढं पक्कं माहिती आहे तेवढं लिहितो.

तुमच्या बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे, वाळू दिली कोणी, तर कोणीच दिली नाही. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, तिच्या कलम २० मध्ये रस्ते, नद्या, नाले, तलाव यांच्या बरोबरीने भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ स्पष्ट लिहिलेला आहे. गोव्याच्या महसूल कायद्यातही तत्त्व तेच. आता सरकारची म्हणजे सरकारने वाटेल त्याला द्यावी अशी नाही. हिमाचलमध्ये बियास नदीच्या काठावर एका रिसॉर्टने नदीचा प्रवाहच वळवायचा घाट घातला होता, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की समुद्र, वाहतं पाणी, जंगल ही लोकांची मालमत्ता, सरकार फक्त तिचं विश्वस्त. पब्लिक ट्रस्ट डॉक्ट्रिन म्हणतात ते हेच, आणि त्या रिसॉर्टचं लीज रद्द झालं.

गोव्याची स्वतःची केस तर अजून जवळची आहे. दोना पावलाच्या बाजूला वायंगिणी म्हणून किनारा आहे, तिथल्या एका मोठ्या हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादन करून दिली आणि करारातच अट घातली होती की लोकांची बीचवर जायची वाट अडवायची नाही. ती वाट अडवली गेली, गावातले लोक हायकोर्टात गेले, आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्या लोकांच्याच बाजूने निकाल दिला, वाट मोकळी ठेवा म्हणून. म्हणजे पंचतारांकित हॉटेलला जे जमलं नाही ते हंगामी शॅकला जमायचं काही कारण नाही.

लायसनचं म्हणाल तर कायद्यात लायसन म्हणजे परवानगी. इझमेंट्स ॲक्ट १८८२ कलम ५२ वाचा, त्यात लायसन घेणाऱ्याला जमिनीत कुठलाही हक्क मिळत नाही. शॅकवाल्याला ठरलेल्या जागी मांडव टाकून खाणं विकायची परवानगी आहे, बेड किती आणि कुठे टाकायचे ते अटींमध्ये असतं. त्याच्या बेडवर कोणी बसलं तर त्याला पैसे मागता येतात. बेडच्या पुढच्या रिकाम्या वाळूवर बसलेल्या माणसाला उठवायचा अधिकार त्याला कुठल्याच कागदाने मिळत नाही, आणि समुद्र दिसण्याचा हक्क त्याच्या गिऱ्हाइकाला विकायचा तर अजिबातच नाही.

अजून एक. सीआरझेड म्हणजे किनारी भागात काय बांधता येतं ते ठरवणारे केंद्राचे नियम, त्यांच्या २०१९ च्या अधिसूचनेत शॅक, टॉयलेट, कपडे बदलायच्या खोल्या अशा तात्पुरत्या सोयींना परवानगी आहे, पण भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सोडून. आणि दोन हॉटेलं किंवा बीच रिसॉर्ट शेजारी शेजारी असतील तर लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून मधे किमान २० मीटर रुंद जागा सोडायला सांगितलेली आहे. तुम्ही म्हणताय ती माणूस आडवा जाईल एवढी फट, ती याच्या आसपाससुद्धा येत नाही. अर्थात हॉटेलांचा नियम शॅकला जसाच्या तसा लागतो असं मी म्हणत नाही, शॅकच्या अटी वेगळ्या असतात, पण कायद्याचा कल कुठे आहे ते यावरून कळतं.

इंदिरानगर_नाशिक:
थायलंडमध्ये फुकेटला पण हाच प्रकार होता, बेड आणि छत्र्यांनी बीच भरून गेलेले. २०१४ मध्ये तिथे लष्कराचं राज्य आलं तेव्हा त्यांनी सगळे बेड उचलून टाकले, मग पर्यटक ओरडायला लागले की ऊन लागतं, सावली नाही, म्हणून नंतर बीचच्या १० टक्के भागात छत्र्या आणि चटया भाड्याने द्यायला परवानगी दिली. मला ते १० टक्केवालं पटलं. सगळं बंद पण नाही आणि सगळं मोकाट पण नाही.

मालवणचं_माहेर:
माझं माहेर मालवणच्या बाजूला, लग्न होऊन नाशिकला आले, आता सातपूरला राहतो. माझा भाऊ किनाऱ्यावर न्याहारी-निवास चालवतो आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, चार खुर्च्या-छत्र्या त्याच्याही असतात, म्हणून मी दोन्ही बाजूंनी बोलू शकते. पाथर्डीफाटा दादा, आईंना उठवलं हे वाचून खरंच राग आला. आमच्याकडे म्हातारं माणूस वाळूत बसलेलं दिसलं तर आधी पाणी विचारतात.

पण मला एक सांगायचंय जे या चर्चेत कोणीच म्हणत नाहीये. सगळे पर्यटकाची जागा आणि शॅकवाल्याची जागा एवढंच बोलतायत, त्याच्या आधीपासून ती पुळण मच्छीमाराची आहे. तुम्ही रापण ओढताना बघितलीय का कधी? होडीतून मोठं जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि मग दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून माणसं ओढतात, पन्नास-पन्नास माणसं असतात, बायका-पोरं, वाटेने जाणारा पण हात लावतो, आणि शेवटी तारली, बांगडा जे काही लागलं त्याचे वाटे पडतात. त्याला दोन्ही बाजूला लांबच लांब मोकळी वाळू लागते. तिथे तीन रांगा बेड आणि काँक्रीटमध्ये रोवलेल्या छत्र्या असतील तर रापण कुठे ओढायची? होडी वर कुठे घ्यायची? जाळी कुठे सुकवायची? आधी एक सीझन बेड हलवा म्हणून विनंती करावी लागते, मग पुढच्या सीझनला रापणकरालाच सांगतात की बाबा आमची गिऱ्हाइकं झोपलीत, वास येतो, जरा लांब ओढ. गोव्यातल्या रापणकारांची पण हीच तक्रार बरीच वर्षं आहे. उठवलेल्या पर्यटकाची सुट्टी खराब होते, पण उठवलेल्या रापणकराचं पोट जातं.

आणि कासवं. ऑलिव्ह रिडले मादी नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास रात्री वाळूत येऊन अंडी घालते, म्हणजे नेमका धंद्याचा सीझन. रत्नागिरीतल्या वेळासला लोकांनी घरटी जपली म्हणून केवढं नाव झालं. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे पण येतात. रात्रभर बेड तसेच वाळूत ठेवले तर मादीला वर यायला अडथळा होतो आणि शॅकच्या दिव्यांमुळे पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालतात. माझा भाऊ संध्याकाळी खुर्च्या उचलून आत नेतो, दहा मिनिटांचं काम आहे, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता पर्यटकांना पण हात जोडून एक सांगते, नाशिकचे-पुण्याचे सगळेच आले त्यात. चटई टाका, बसा, खुशाल बसा. पण बसमधून गॅस आणि पातेली उतरवून वाळूत पुलाव शिजवायचा, उरलेलं तिथेच ओतायचं, बाटल्या फोडायच्या, हे बघितल्यावर स्थानिक माणूस शॅकवाल्याच्याच बाजूने उभा राहतो. गोव्यात २०१९ पासून किनाऱ्यावर उघड्यावर दारू आणि स्वयंपाक याला दंडच आहे, सुरुवातीला तो एकट्याला २००० आणि ग्रुपला १०,००० रुपये होता. हक्क मागायचा तर जागा आपली मानून वापरायला हवी.

कॉलेजरोडकर:
ताई रापणीचा मुद्दा फार महत्त्वाचा मांडलात, धन्यवाद. माझं म्हणणं एवढंच की बेडवाल्याला चोर ठरवू नका. शॅक बहुतेक स्थानिक लोकांच्याच नावावर असतात ना? त्यांच्यामुळे गावात रोजगार राहतो, नाहीतर मोठी हॉटेलं सगळंच गिळतील.

मालवणचं_माहेर:
नावावर स्थानिकाच्या असतात हो. चालवतो कोण ते बघा. लायसन गावच्या माणसाचं, आणि सीझनभर चालवायला बाहेरच्या कोणाला तरी ठरावीक रकमेवर दिलेलं, ही तक्रार गोव्यात नेहमीची आहे. मग ज्याने मोठी रक्कम मोजली तो प्रत्येक फूट वाळूतून ती वसूल करायला बघणार. पाथर्डीफाटा दादांना जो पोरगा उठवायला आला त्याच्यावर माझा राग नाही, त्याला मालकाने सांगितलं असणार की समोर कोणी फुकट बसता कामा नये. गावात राहून धंदा करणारा माणूस असं वागत नाही कारण त्याला उद्या बाजारात सगळ्यांना तोंड दाखवायचं असतं.

सातपूर_एमआयडीसी:
मी कंपनीच्या मशीन ट्रायलसाठी इटलीत बोलोन्याला गेलो होतो, तिथल्या सहकाऱ्यांनी एका रविवारी रिमिनीला नेलं. जे बघितलं ते इथे लिहितो कारण आपण आत्ता ज्या वळणावर आहोत तिथून ते लोक फार पुढे गेलेत आणि आता परत फिरता येत नाहीये त्यांना. किलोमीटरच्या किलोमीटर नुसत्या छत्र्या, एका मालकाच्या एका रंगाच्या, पुढच्याच्या दुसऱ्या रंगाच्या, प्रत्येक पट्ट्याला नंबर. पहिल्या रांगेतल्या छत्रीचा भाव जास्त, मागच्याचा कमी, आणि घराणी वर्षानुवर्षं तीच छत्री बुक करतात. मोकळा बीच कुठे विचारलं तर मधेच एक छोटा तुकडा, तिथे मुंगीला जागा नाही एवढी गर्दी.

कायद्याने इटलीत पण समुद्रकिनारा सरकारचाच आहे बरं का, आणि पाण्यालगतची ५ मीटर पट्टी सगळ्यांना चालायला-पोहायला जायला मोकळी ठेवायचीच असते, कोणी पैसे मागू शकत नाही. गोची अशी झाली की ते परवाने, कन्सेशन, पिढ्यान्‌पिढ्या आपोआप रिन्यू होत गेले, मालकाकडून मुलाकडे, आणि सरकारला मिळणारं भाडं कमाईच्या मानाने किरकोळ. युरोपियन युनियनने २००६ मध्ये नियम केला की असे परवाने खुल्या निविदेने द्या, तेव्हापासून प्रत्येक सरकार मुदत वाढवत आलंय कारण ही बीचवाली मंडळी संघटित आहेत, मतं आहेत त्यांच्याकडे. २०२३ मध्ये युरोपियन कोर्टाने पण सांगितलं की आपोआप मुदतवाढ चालणार नाही, तरी २०२४ मध्ये परत सप्टेंबर २०२७ पर्यंत वाढवून घेतली. एकदा परवाना घरची इस्टेट झाली की काढून घेणं किती अवघड होतं याचं एवढं मोठं उदाहरण दुसरं नसेल, म्हणून मला आपल्याकडच्या लायसनची मुदत आणि रिन्यू करायची पद्धत हीच सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते, हजार रुपये की पाचशे रुपये ते नंतर.

ग्रीसमध्ये मात्र लोकांनी करून दाखवलं. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस नावाच्या बेटावर तिथलेच रहिवासी रस्त्यावर आले, म्हणजे खरं तर बीचवर आले, टॉवेल घेऊन. बेडवाल्यांनी परवान्यापेक्षा कितीतरी जास्त जागा अडवली होती आणि गावच्याच माणसाला टॉवेल अंथरायला जागा उरली नव्हती. टॉवेल आंदोलन म्हणूनच त्याचं नाव झालं आणि बाकीच्या बेटांवर पसरलं. लोकांनी परवान्याचे नकाशे काढले, प्रत्यक्ष जागेशी ताडून बघितले, फोटो टाकले. २०२४ मध्ये नवीन कायदा आला, बीचचा किमान अर्धा भाग मोकळा पाहिजे, संरक्षित क्षेत्रात ७० टक्के, पाण्यापासून ४ मीटरपर्यंत एकही बेड नाही, आणि फोनवरच्या ॲपवरून कोणालाही बघता येतं की समोरच्या जागेला परवाना आहे का, नसेल तर तिथूनच तक्रार. शिवाय जवळपास दोनशे किनारे असे जाहीर केले की तिथे बेड टाकायचेच नाहीत. फ्रान्समध्ये तर २००६ पासूनच ८० टक्के बीच मोकळा ठेवायचा नियम आहे.

आपल्याकडे ते ॲप नको म्हणा, निदान प्रत्येक बीचच्या तोंडाशी एक बोर्ड लावा, नकाशासकट, की या शॅकला इथून इथपर्यंत, बेड इतके, बाकी सगळं मोकळं. अर्धी भांडणं तिथेच संपतील. त्या पोराला पण कळेल आणि पाथर्डीफाटांच्या बाबांना पण बोट ठेवून दाखवता येईल.

पंचवटीकर:
वरचं सगळं वाचलं, फार चांगली माहिती. मी जन्मापासून गंगेवर वाढलेला माणूस, आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडावर देशभरातून लोक येतात, विधी करायचा तर गुरुजींना दक्षिणा देतात, पाटावर बसवतात, सामान लागतं त्याचे पैसे देतात, ते द्यायलाच पाहिजेत. पण नुसती डुबकी मारणाऱ्याला आजपर्यंत कोणी म्हटलं नाही की आमच्या पाटासमोरून पाण्यात उतरू नको. समुद्राचं पण एवढंच साधं आहे, बेडचे पैसे घ्या, पाण्याचे आणि वाळूचे नाही.

पण आपल्या नाशिकमध्येच बघा की. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पूर्वी आम्ही सायकलवर जायचो, वाटेल तिथून पाण्यापर्यंत उतरता यायचं. आता गंगावऱ्हे, सावरगाव बाजूला फार्महाउस, रिसॉर्ट झालेत, त्याबद्दल तक्रार नाही, स्वतःच्या सातबाऱ्यावर काय करायचं ते करा. पण एका ठिकाणी मी डोळ्यांनी बघितलं की तारेचं कुंपण पार पाण्यात गेलंय, उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की कुंपण अजून पुढे सरकतं. ती तर धरणासाठी संपादित केलेली सरकारी जमीन. उघडी पडलेली जमीन गाळपेर म्हणून शेतकऱ्याला रीतसर देतात, त्याची वेगळी पद्धत आहे, पण ही अशी लॉन लावायला आणि संध्याकाळी खुर्च्या मांडायला कोणी दिली? गुराखी लांबून वळसा घालून जनावरं पाण्यावर नेतो. शरणपूररोड साहेब, ते कलम २० याला पण लागतं का? २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, घाटांची कामं चाललीत, मला भीती एवढीच वाटते की पाण्याकाठची चांगली चांगली जागा कोणाच्या तरी खुर्च्यांसाठी अडवली जाईल आणि खेड्यातून आलेला माणूस बॅरिकेडच्या मागेच राहील.

शरणपूररोड:
पंचवटीकर, नदीचं पात्र कलम २० मध्ये येतंच, आणि धरणाची संपादित जमीन जलसंपदा विभागाची असते. संपादनाची हद्द कुठपर्यंत आहे ते भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशा काढला की कळतं. कुंपण त्या हद्दीच्या आत असेल तर ते अतिक्रमण, तहसीलदारांकडे आणि जलसंपदाच्या शाखा अभियंत्याकडे लेखी अर्ज करा, नकाशाची प्रत जोडून. तोंडी सांगून काही होत नाही, पोच घेतलेला अर्ज लागतो.

पाथर्डीफाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना सगळं वाचून दाखवलं. वायंगिणीच्या केसचं ऐकून त्यांचं म्हणणं आलं की मग हे सगळं त्या बीचवर मराठीत, हिंदीत, कोकणीत लिहून का लावत नाहीत, म्हणजे सातपूरवाले सर म्हणतात तेच. आता बोर्डी आणि तारकर्लीचं कोणी सांगा ना. महाराष्ट्रात पण शॅक येणार असं मध्यंतरी वाचलेलं.

शरणपूररोड:
२०२० मध्ये राज्य सरकारने बीच शॅक धोरण मंजूर केलं, आठ किनारे निवडले होते: पालघरमध्ये केळवा आणि बोर्डी, रायगडमध्ये वरसोली आणि दिवेआगर, रत्नागिरीत गुहागर आणि आरे-वारे, सिंधुदुर्गात कुणकेश्वर आणि तारकर्ली. म्हणजे तुम्ही म्हणताय ती दोन्ही ठिकाणं त्या यादीत आहेत. एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त १० शॅक, परवाना तीन वर्षांचा, आणि ८० टक्के शॅक स्थानिकांना. म्हणून मला वाटतं आपल्याकडे अजून वेळ आहे. जे काही नियम घालायचे, किती वाळू मोकळी, बेड पाण्यापासून किती लांब, बोर्ड लावायचा, पोटभाडेकरू चालणार नाही, ते सुरुवातीलाच घालून घेतले पाहिजेत, इटलीसारखं पन्नास वर्षांनी नाही. ग्रामपंचायतीने ग्रामसभेत ठराव केला तर त्याला वजन असतं.

मालवणचं_माहेर:
तारकर्लीला या दादा, आईंना घेऊन या. पुळण लांबलचक आहे आणि बऱ्याच ठिकाणी गाडी सुरूच्या झाडांपर्यंत जाते, तिथून वाळूत फार चालावं लागत नाही. मे मध्ये ऊन फार असतं म्हणून सकाळी लवकर नाहीतर चारनंतर उतरा, आणि भरती-ओहोटीच्या वेळा राहत्या ठिकाणी विचारून घ्या, ओहोटीला वाळू घट्ट असते, गुडघेदुखी असलेल्या माणसाला चालायला सोपं जातं. खुर्ची लागली तर कुठल्याही घरात मागा, प्लॅस्टिकची खुर्ची कोणी नाही म्हणणार नाही. उन्हाळी सुट्टीत वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची गर्दी जिथे असते तिथून थोडं बाजूला देवबागच्या दिशेने बसा.

इंदिरानगर_नाशिक:
आणि गोव्याची तक्रार करायची राहिलीच की. दादा ती करा प्लीज, तुमच्यानंतर जाणाऱ्यांसाठी तरी.

शरणपूररोड:
हो. शॅकचं लायसन गोव्याच्या पर्यटन खात्याचं असतं, पहिली तक्रार तिकडे. भरतीरेषेच्या आत बेड टाकलेत, किनारा अडवलाय हा मुद्दा गोवा कोस्टल झोन मॅनेजमेंट ऑथॉरिटीकडे. महाराष्ट्रात तसंच राज्याचं प्राधिकरण आहे आणि जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. माहिती अधिकारात त्या शॅकच्या परवान्याची प्रत आणि अटी मागता येतात, बेडची संख्या त्यात सापडेल. जागेवर कोणी दमदाटी केली तर ११२ ला फोन, हुज्जत घालत बसू नका, फक्त शांतपणे म्हणायचं की तुमच्या परवान्याचा नकाशा दाखवा, नकाशात ही जागा असेल तर आम्ही उठतो.

फोटो आहेत का तुमच्याकडे त्या दिवसाचे? फोटोला तारीख-वेळ हवी, आणि एका तरी फोटोत वाळूवरची भरतीची ओली रेघ, बेडची पुढची रांग आणि शॅकची पाटी तिन्ही एकत्र दिसायला हवं. नुसत्या बेडच्या फोटोवरून कुठला बीच, किती वाजता, पाण्यापासून किती लांब हे काहीच ठरत नाही.

पाथर्डीफाटा:
वहिनीने पोरांचा व्हिडिओ काढला होता पाण्यात खेळतानाचा, त्यात मागे बेडच्या रांगा आणि पाटी दोन्ही आलंय, लाटेत भिजलेले पाय पण दिसतात. आज रात्री त्यातले फोटो काढून अर्ज लिहायला घेतो, बाबाच लिहिणार म्हणतायत स्वतःच्या हाताने. शरणपूररोड साहेब, पाठवायच्या आधी मसुदा तुम्हाला मेसेज करू का?

शरणपूररोड:
करा. सोमवारपर्यंत बघून देतो.